यश म्हणजे नेमकं काय? : बेडसे लेण्यात वाचलेला गीतेचा सहावा अध्याय



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३५.

कालच्या श्लोकात अर्जुनाने हात टेकले होते. मन चंचल आहे, बलवान आहे, त्याला आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखं आहे, असं तो म्हणाला. आज भगवंत उत्तर देतात. त्या उत्तराची सुरुवात मला फार आवडते, कारण ते अर्जुनाला खोडून काढत नाहीत. आधी मान्य करतात, की होय, मन आवरायला कठीण आहे, यात शंकाच नाही. समोरचा माणूस दमलेला असताना "त्यात काय एवढं, मनावर घे की" असं ते म्हणत नाहीत. आपल्याला मात्र हे वाक्य दिवसातून चार वेळा कोणीतरी ऐकवतं, आणि दोन वेळा आपणच स्वतःला ऐकवतो.

मान्य करून झाल्यावर ते दोन शब्द देतात. अभ्यास आणि वैराग्य.

दोन्ही शब्द मराठीत येईपर्यंत जरा बिघडले. अभ्यास म्हटलं की आपल्याला दहावीची गाईडं आणि "अभ्यास झाला का?" असं विचारणारी आई आठवते. वैराग्य म्हटलं की भगवी वस्त्रं आणि हिमालय. मूळ अर्थ दोन्हीचा साधा आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, त्याच जागी येऊन करणं हा अभ्यास. आणि जे सुटायला हवं ते सुटू देणं, त्याला चिकटून न राहणं, हे वैराग्य. अर्थ साधा असला तरी मला एक अडचण कायम वाटायची. हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. एक म्हणतो धरून ठेव, दुसरा म्हणतो सोडून दे. एकाच वेळी दोन्ही कसं करायचं?

याचं उत्तर मला पुस्तकापेक्षा दगडात जास्त स्पष्ट दिसलं. म्हणून आज तुम्हाला मावळात घेऊन जातो.

पुण्याहून लोणावळा लोकलने कामशेतला उतरायचं. तिथून पवनानगरच्या रस्त्याला लागायचं आणि बेडसे गावाच्या फाट्याला वळायचं. गावामागच्या डोंगरात सुमारे चारशे पायऱ्या चढून गेलं की बेडसे लेणी लागतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली, म्हणजे सातवाहन काळातली. कार्ले आणि भाजे इथे रविवारी पाय ठेवायला जागा नसते. बेडसेला कित्येकदा तुम्ही, पुरातत्त्व खात्याचा पहारेकरी आणि माकडं एवढेच असता. लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. गीतेचा श्लोक मनात घेऊन तिथे जाणं कोणाला विसंगत वाटेल. मला तसं वाटत नाही. मन कसं आवरायचं हाच प्रश्न घेऊन जी माणसं या डोंगरात राहिली, त्यांच्या घरी आपण त्याच प्रश्नासाठी पाहुणे म्हणून जातोय. पाहुण्यासारखं वागलं म्हणजे झालं. हळद-कुंकू, कापूर, घोषणा काही नको.

वर पोचल्यावर पहिली गोष्ट खटकते ती ही, की समोर काही दिसतच नाही. चैत्यगृहाच्या पुढ्यात मोठा कातळ तसाच ठेवलेला आहे. तो फोडून मोकळा केलेला नाही, त्यातून एक अरुंद वाट तेवढी काढली आहे. त्या बोळातून आत गेलात की मान एकदम वर जाते. सुमारे २५ फूट उंच अठकोनी खांब. खाली घटाचा आकार, वर उमललेलं उलटं कमळ, आणि त्याच्यावर घोडे, हत्ती, बैल, त्यांच्या पाठीवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. भिंतीवर चैत्यकमानींच्या आणि लाकडी कठड्यासारख्या दिसणाऱ्या नक्षीच्या रांगा. दरीतून, पायवाटेवरून यातलं काहीही दिसत नाही. आपण एखादं काम असं केलं असतं तर पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं असतं, "याची व्हिजिबिलिटी काय?"

आता अभ्यास आणि वैराग्याकडे येतो. घर बांधताना आपण वस्तू आणून रचतो. वीट ठेवली, वाढली. लेणं उलट्या रीतीने होतं. तिथे बाहेरून काहीच आणायचं नसतं. खांब आधीपासून डोंगरात आहे, फक्त खांब नसलेला दगड काढायचा. छिन्नी एका हातात, हातोडा दुसऱ्या हातात, आणि प्रत्येक घावाला एक कपची खाली. घाव हा अभ्यास. खाली पडलेली कपची हे वैराग्य. पाथरवटाला यात ओढाताण वाटत नाही, कारण ती एकच क्रिया आहे. जो घाव घालतो पण कपची सोडायला तयार नाही, त्याचा खांब कधी होणार नाही. आणि जो नुसतंच "सोडून द्या, सोडून द्या" म्हणतो पण हात चालवत नाही, त्याच्यासमोर डोंगर जसाच्या तसा उभा. मला वाटतं, भगवंतांनी दोन उपाय सांगितलेलेच नाहीत. एकाच कामाची दोन नावं सांगितली आहेत.

एक तांत्रिक गोष्टही सांगतो, माझ्या पेशाची सवय म्हणून. अशी लेणी वरून खाली कोरत आणतात. आधी छत, मग खांबांची डोकी, मग त्यांची अंगं, जमीन सगळ्यात शेवटी. म्हणजे पराती बांधायची गरज कमी, उरलेला दगडच उभं राहायला ओटा होतो. पण याचा दुसरा अर्थ असा, की वर छत कोरणाऱ्या माणसाला पायाखालची जमीन कशी दिसेल हे काम संपेपर्यंत दिसत नाही. आणि दगडात मागे फिरणं नाही. आमच्याकडे कोड बिघडला तर एक कमांड देऊन कालच्या स्थितीला जाता येतं. मावळातल्या काळ्या बेसॉल्टमध्ये घोड्याचा कान उडाला तर उडाला.

यशाबद्दल आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जी गोष्ट बसलेली आहे ती मात्र वेगळीच आहे. महाराष्ट्रात कुठल्याही लेण्यात जा, कोणीतरी सांगतंच की हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं. कार्ल्याला एकवीरा आईच्या देवळाबद्दलही पांडवांनी ते एका रात्रीत उभारलं अशी कथा आहे. कथा म्हणून गोड आहे, श्रद्धेने सांगणाऱ्याला मी टोकत नाही. पण आपल्याला ती इतकी पटते का, याचा विचार करण्यासारखा आहे. रातोरात झालेलं यश आपल्याला देवकार्य वाटतं. रोज सकाळी जेवणाचं फडकं घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षं केलेलं काम वाटतं, हॅ, साधं. आजच्या रील्समध्ये पांडव गेले आणि स्टार्टअपवाले आले, एवढाच फरक. "दोन वर्षांत शून्यातून शंभर कोटी" यातली भाषा त्याच कथेची आहे. त्या रील्समधला संघर्षसुद्धा वीस सेकंदांत संपतो, मागे ढोल वाजतो.

माझ्या कामाच्या जागी काही काळापूर्वी घडलेली गोष्ट सांगतो. एक प्रॉडक्ट आम्ही चौदा महिने बांधत होतो. रिलीजला थोडेच दिवस राहिले असताना वरून निर्णय आला, बंद करा. ग्राहकाचं धोरण बदललं होतं. कोणाची चूक नव्हती, असं होतं आमच्याकडे. टीममध्ये एक मुलगी होती, कॉलेजमधून थेट आलेली, तिची ही पहिली नोकरी. त्या संध्याकाळी कँटीनमध्ये चहा घेताना ती म्हणाली, "दादा, चौदा महिने पाण्यात गेले ना? घरी आई विचारते, पुण्यात काय बनवलंस? काय सांगू?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावर काहीतरी बोलता येतं.

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. याच अध्यायात आजच्या श्लोकानंतर लगेच, ३७ आणि ३८ मध्ये, अर्जुन अगदी हेच विचारतो. ज्याने श्रद्धेने सुरुवात केली पण जो शेवटपर्यंत पोचला नाही, मध्येच ज्याचं सुटलं, त्याचं काय होतं? इकडचंही गेलं, तिकडचंही गेलं, असा तो फाटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना? मावळातल्या लोकांना हा दृष्टांत समजवावा लागत नाही. पावसाळा सरताना पवनेच्या खोऱ्यावर असे ढगाचे तुकडे दिसतात. मोठ्या ढगापासून तुटलेले, पुढच्या ढगाला न मिळालेले, बघता बघता नाहीसे होणारे. अर्जुनाला यशाची हाव नाही, भीती आहे ती या विरून जाण्याची. तिलाही तीच होती. प्रामाणिकपणे बघितलं तर आपल्यातल्या बहुतेकांना तीच असते.

भगवंतांचं उत्तर ४० व्या श्लोकात आहे आणि तिथे ते अर्जुनाला "तात" म्हणतात. गीताभर पार्थ, कौंतेय, भारत, महाबाहो अशी नावं येतात. हा शब्द घरातला आहे. संस्कृतात वडिलांना तात म्हणतात आणि मायेने मुलाला, शिष्यालाही तात म्हणतात. म्हणजे लेकरा, असं. आशय एवढाच, की लेकरा, चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. पुढे ते सांगतात की असा अर्धवट राहिलेला माणूस पुन्हा जन्म घेतो, आधीच्या देहात मिळवलेली बुद्धी त्याला तिथे परत मिळते, आणि तो तिथून पुढे सुरू करतो. असे अनेक जन्म घेत तो सिद्धीला पोचतो.

अनेक जन्म! आपल्या पिढीला तिमाहीच्या पलीकडे दिसत नाही आणि इथे अनेक जन्मांचा हिशोब चाललाय. पुनर्जन्मावर तुमचा विश्वास किती, हा प्रश्न आज बाजूला ठेवू. मावळात असे जन्म डोळ्यांनी बघता येतात.

भाजे, बेडसे, कार्ले. तिन्ही लेणी एकमेकांपासून फार लांब नाहीत. भाजे सगळ्यात आधीचं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. तिथल्या चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला चांगलेच कललेले आहेत. लाकडी घराचे वासे छताचा भार पेलायला जसे तिरके लावतात, तसे. दगडात त्याची काही गरज नसते, पण कोरणाऱ्या हातांना सवय लाकडाची होती. दर्शनी भागही तिथे लाकडाचाच होता, तो काळाबरोबर गेला. मग बेडसे. इथे खांबांचा कल कमी झाला आहे आणि दर्शनी भाग पूर्ण दगडात आला आहे, वर सांगितलेल्या त्या उंच खांबांसकट. आणि नंतर कार्ले, इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळातलं. तिथे खांब सरळ उभे आणि बेडसेला बाहेर व्हरांड्यात असलेली प्राण्यांची आणि जोडप्यांची शिल्पं आतल्या प्रत्येक ओळीत खांबांवर विराजमान. लेण्यांचा काळ ठरवताना अभ्यासक खांबांचा हा कलसुद्धा बघतात. हातांनी लाकूड विसरून दगड शिकायला किती पिढ्या घेतल्या त्याची ही मोजपट्टीच आहे.

मापं बघा, गंमत आहे. भाज्याचं चैत्यगृह सुमारे ५९ फूट लांब. बेडसेचं सुमारे ४५ फूट. म्हणजे शिकत गेले तसं मोठं होत गेलं असंही नाही, मधलं लेणं आधीच्यापेक्षा लहान आहे! अप्रेझलच्या तक्त्यात टाकलं तर बेडसेच्या पाथरवटांची "ग्रोथ" उणे निघेल. पुढचं कार्ले सुमारे १२४ फूट लांब. बेडसेची जेवढी लांबी, जवळजवळ तेवढी कार्ल्याची नुसती रुंदी. भारतातल्या सगळ्यात मोठ्या चैत्यगृहांत त्याची गणना होते. सगळे फोटो कार्ल्याचे निघतात. पण घोड्यावर बसलेलं जोडपं खांबाच्या माथ्यावर दगडात कसं बसवायचं, हे आधी बेडसेच्या बोळात, कोणाला लांबून दिसणार नाही अशा जागी कोरून बघितलं गेलं. बेडसेत छिन्नी चालवणाऱ्याने कार्ले पाहिलं नसणार. त्याचं काय गेलं? आणि मुख्य म्हणजे, त्याने काय कमावलं?

इथे आपल्याकडे एक नेहमीची पळवाट आहे. आपण म्हणतो, "त्याच्यामुळे कार्ले झालं ना, म्हणजे कष्ट वाया नाही गेले." त्या मुलीबद्दलही मला असं सांगता येईल. काही महिन्यांनी दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये डेटा दोन ठिकाणी वेगवेगळा दिसायचा प्रॉब्लेम आला. बाकीचे दोन दिवस शोधत होते, हिने अर्ध्या तासात जागा दाखवली, कारण त्या बंद पडलेल्या कामात ती याच वाटेने गेलेली होती. आधीच्या देहातली बुद्धी परत मिळते ती अशी. गोष्ट खरी आहे. पण इथेच थांबलं तर आपण परत फळच मोजतोय, फक्त मुदत वाढवून. यश म्हणजे आज नाही तर उद्या उपयोगी पडणं, असं म्हटलं तर ज्याचा उपयोग कधीच कोणाला झाला नाही तो पुन्हा फाटका ढग.

बेडसेला या प्रश्नावर तीन शिलालेख आहेत. म्हणजे लिहिणाऱ्यांनी या प्रश्नासाठी लिहिले नाहीत, मी तसे वाचतो. तिन्ही ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. एक व्हरांड्यातल्या खोलीच्या दारावर आहे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक, त्याचं हे दान, एवढाच मजकूर. दुसरा पाण्याच्या टाक्यावर आहे. महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका, हिने ते टाकं दिलं. डोंगरावर राहणाऱ्यांना उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून एका बाईने दिलेलं टाकं. दोन हजार वर्षांपूर्वीची श्रीमंत, वजनदार माणसं ही, आणि त्यांच्याबद्दल तिथे उरलंय काय, तर खोली दिली आणि पाणी दिलं. पद, घराणं सगळं त्या एका दानाला टेकून उभं आहे.

तिसरा लेख एका लहानशा स्तूपामागच्या भिंतीवर, चटकन लक्षातही न येणारा. गोभूती नावाच्या भिक्खूचा तो स्तूप, त्याच्या आषाढमित्र नावाच्या शिष्याने करवलेला. गोभूतीची ओळख काय दिली आहे? अरण्यात राहणारा आणि भिक्षेवर जगणारा. संपलं. किती शिष्य केले, किती वादविवाद जिंकले, कुठल्या राजाने मान दिला, काही नाही. कुठे राहायचा आणि कसा जेवायचा, ही दोनच विशेषणं शिष्याला दगडावर कोरून ठेवावीशी वाटली. लिंक्डइनवर स्वतःच्या नावाखाली आपण काय काय लिहितो ते आठवून मी तिथे एकटाच हसलो होतो. पण मग हसू थांबलं. अरण्यात राहणं आणि भिक्षा मागणं या रोजच्या गोष्टी आहेत. एक दिवस करून भागत नाही. रोज उठून गावात उतरायचं, मिळेल ते घ्यायचं, परत चढायचं. शिष्याने गुरूच्या आयुष्यातला एखादा मोठा दिवस निवडला नाही, रोजचा दिवस निवडला. म्हणजे त्याच्या नजरेत गुरूला जे साधलं होतं ते या रोजच्या वागण्यापासून वेगळं काढताच येत नव्हतं.

आणि ज्यांनी हे सगळं कोरलं त्यांचं नाव कुठल्याही लेखात नाही. त्यांना मजुरी मिळाली असेल. पण २५ फूट उंचीवर, खालून नीट दिसतही नाही अशा ठिकाणी, बैलाची मान आणि स्वाराचे दागिने इतके निगुतीने कोरायला मजुरी पुरत नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात, १४ व्या सूत्रात, अभ्यास पक्का केव्हा होतो ते सांगितलंय. दीर्घकाळ केला, खंड न पाडता केला आणि सत्काराने, म्हणजे आदराने केला तर. पहिल्या दोन गोष्टी आपण मोबाईलवरच्या हॅबिट ट्रॅकरमध्ये टाकू शकतो. "आज १०८ वा दिवस, स्ट्रीक चालू." तिसऱ्या गोष्टीला रकाना नाही. जपाची माळ ओढताना डोळा घड्याळावर असेल तर खंड पडला नाही, सत्कार मात्र राहिला. तो न दिसणारा बैल कोरणाऱ्याकडे सत्कार होता. त्याला मिळालेलं यश तेवढंच होतं आणि पूर्ण होतं, असं मला वाटतं. बैल कोरता कोरता तो असा माणूस झाला, की ज्याला न दिसणाऱ्या जागीसुद्धा ओबडधोबड सोडवत नाही. हे कोणी बंद करू शकत नाही. ग्राहकाचं धोरण बदलून तर नाहीच.

आता एक धोका. चिकाटीवर लिहिलं की काही वाचक मेसेज करतात, "दादा, मी पहाटे चारला उठतोय, जिम, क्लास, नोकरी, पारायण, सगळं चालू आहे, पण चिडचिड वाढलीये." त्यांच्यासाठी ही बौद्ध परंपरेतली गोष्ट. सोण नावाचा तरुण, चंपा नगरीतल्या श्रीमंत घरातला, अतिशय नाजूक वाढलेला. भिक्खू झाला आणि चालत ध्यान करता करता तळपाय फुटून रक्त येईपर्यंत कष्ट केले. मन काही मोकळं होईना. घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. बुद्धांनी त्याला विचारलं, तू घरी वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर? चिकाटीचंही तसंच आहे, नेमकी ताणायची. सहाव्या अध्यायाचे १६ आणि १७ हे श्लोक आता परत वाचा. फार खाणाऱ्याला योग नाही, अगदी न खाणाऱ्याला नाही, फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार-विहार युक्त हवा, म्हणजे जुळलेला, मापातला. अर्जुनासारख्या योद्ध्याला भगवंत झोपेचं माप सांगतायत, हे मला नेहमी नवल वाटतं. आपल्याकडे चार तास झोपणं हे अजून शौर्य समजलं जातं.

आणि आपले तुकोबा. देहू इथून जवळच, इंद्रायणीच्या काठी, याच मुलखात. अभ्यासावरच्या त्यांच्या अभंगात दोन दृष्टांत आहेत. खडकात शिरणारं ओलं मूळ आणि चिरा कापत जाणारा दोर. कितीतरी कीर्तनांत ऐकलेत, पण बेडसेला कातळाच्या फटीत उतरलेलं झाडाचं मूळ बघेपर्यंत माझ्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. तुकोबांनी छिन्नीचा दाखला घेतलेला नाही. मूळ घेतलं, तेही ओलं. दोर घेतला. दोन्ही दगडापेक्षा मऊ. दगडाशी टक्कर घेऊन दोघांपैकी कोणीच जिंकलं नसतं. मूळ वाळलं की त्याचं काम थांबतं, म्हणून "ओलं" हा शब्द तिथे फार महत्त्वाचा. चिडचिड वाढली असेल तर आपलं मूळ वाळायला लागलंय, एवढं समजून घ्यावं. पारायणाची पानं कमी करा, चार ओव्या वाचा, पण ओलाव्याने वाचा. आईला फोन करा. आठ तास झोपा. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी येऊन बसा, प्रायश्चित्त म्हणून दुप्पट करू नका.

सोडण्याबद्दलही एक शब्द. डोंगरात काही खोदकामं अर्धवट सोडलेलीही दिसतात. चिकाटी म्हणजे हाती घेतलेलं काही झालं तरी रेटत राहणं, असा अर्थ घेणाऱ्यांनी ती बघावीत. त्याच माणसांनी शेजारी चैत्यगृह पूर्ण केलं आहे. आपल्यापैकी काहीजण चुकीच्या परीक्षेच्या मागे पाचवा प्रयत्न करत असतील, आणि "सोडलं तर मी हरलो" असं वाटत असेल. वैराग्य हा शब्द याच श्लोकात, अभ्यासाच्या शेजारी, समान मानाने बसवला आहे. परीक्षा सोडता येते. रोज पहाटे उठून एका जागी बसायला शिकलेलं मन तुमच्याबरोबर येतं.

त्या मुलीला मी तेव्हा कँटीनमध्ये एवढं काही सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणालो, की आईला सांग, पुण्यात मी काम शिकले. ती म्हणाली, "आईला ते कळेल, मावशीला नाही कळणार." मावशीसाठी माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

कोणी बेडसेला जाणार असाल तर सकाळी लवकर जा. भाजे आणि कार्ले पश्चिमेकडे तोंड करून आहेत, बेडसे पूर्वेकडे. उगवतीचं ऊन त्या अरुंद बोळातून व्हरांड्यात येतं तेव्हा खांबांवरचे घोडे बघण्यासारखे असतात. शेजारचा विहारही चुकवू नका. विहार सहसा चौकोनी, सपाट छताचा असतो. इथला चैत्यगृहासारखा मागे गोलाकार आणि वर कमानीचा आहे, भोवती भिक्खूंच्या खोल्या. एखाद्या खोलीत पाच मिनिटं गप्प बसून बघा, मोबाईल बाहेर बॅगेत ठेवून. पिण्याचं पाणी खालूनच न्या. आणि गोभूतीचा स्तूप शोधा, लहान आहे, घाईत निघून जातो.

उद्या श्लोक ३६. आजचा श्लोक संध्याकाळपर्यंत पाठ करायचा प्रयत्न करा, संथा घेऊन, घाई नको.

राम कृष्ण हरी.